बालाघाटच्या फौजीघराची तपासणी

कान्ह्याला वाघ बघायला निघालेले लोक बालाघाटला चहा पितात आणि पुढे जातात. मी दोनदा बालाघाटला गेले, दोन्ही वेळा तिथेच राहिले आणि वाघाची शेपटीसुद्धा पाहिली नाही. मी गेले होते एक घर तपासायला.

मी मूळची सातारची. नोकरीची सगळी वर्षं शाळा तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, मी संस्था तपासायला लागले. पुण्यातला एक ट्रस्ट ठिकठिकाणच्या संस्थांना मदत देतो आणि ती चालू ठेवायची की नाही हे ठरवण्याआधी कोणाला तरी तिथे पाठवतो. तो कोणीतरी म्हणजे मी. घरचे म्हणतात, ही काशीला गेली तरी गंगेचं पाणी हुंगून बघेल. बघेन की. त्यात चुकलं काय?

शाळांनी मला एक गोष्ट चांगली शिकवली. पटावर मुलं कमी असली की तपासणीच्या दिवशी शेजारच्या वाडीवरून आणून बसवतात. ती पोरं नव्या गणवेशात ताठ बसतात आणि काहीही विचारलं तरी एका सुरात तेच उत्तर देतात. तेव्हापासून सगळं फार नीटनेटकं दिसलं की मला संशय येतो.

बालाघाटच्या संस्थेचं काम थोडक्यात असं. फौजेतून निवृत्त झालेले, पण ज्यांना घर उरलं नाही किंवा घरात जागा उरली नाही, असे लोक तिथे राहतात. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, दोन वेळचं जेवण, औषधपाणी, आणि अडलेल्या पेन्शनपासून रुसलेल्या मुलाशी बोलणं करून देण्यापर्यंत सगळी मदत. गावात त्याला फौजीघर म्हणतात. ट्रस्टची अट एकच होती, राहणारे स्वतःचं स्वतः करू शकणारे हवेत. आपण निवारा देतो, इस्पितळ चालवत नाही, असं आमचे अध्यक्ष दर बैठकीत ऐकवायचे.

त्या घराला आता दुसरे देणारे मिळाले आहेत आणि ट्रस्टचं काम मीही सोडलं आहे. म्हणून आता लिहायला हरकत नाही. माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

गोंदियाच्या पुढे

गोंदियाला गाडी बदलली की महाराष्ट्र संपतो, पण मराठी लगेच संपत नाही. डब्यात समोर एक बाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्या मराठीत बोलत होत्या आणि नातू हिंदीत उत्तरं देत होता, दोघांचंही छान चाललं होतं. बाहेर धान कापून झालं होतं. खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग, त्यांच्यावर बसलेले बगळे, आणि मधूनच साल-सागाची रांग. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी हिरवीगार उभी असते, त्यामुळे एवढं मोकळं रान बघून जरा चुकल्यासारखं वाटत होतं.

बाईंचे सासरे सरकारी नोकरीत बालाघाटला आले आणि तिथलेच झाले. मी कुठे निघालेय हे त्यांनी अर्ध्या वाटेतच काढून घेतलं. फौजीघराचं नाव ऐकून त्या जरा पुढे सरकल्या.

"हौ, माहीत हाय मले. आमच्या मोहल्ल्याच्या मांगेच हाय," त्या म्हणाल्या. "तिथं कोनीतरी ओरडते म्हनतात. बेज्या, लय ओरडते. काहून ओरडते ते मले नाही माहीत बा."

मी एवढंच विचारलं की पोलिसांत कोणी कळवलं नाही का. फौजी लोकांच्या भानगडीत कोण पडतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्यांनी मला डब्यातला उडदाचा वडा दिला. वडा उत्तम होता. पण ओरडणाऱ्या माणसाचं काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

लॉजवर त्या रात्री चिन्नोरचा भात जेवले. या भागाचा हा तांदूळ बुटका आणि भलताच सुवासिक. आमच्या आंबेमोहराची मला फार घमेंड होती, ती त्या ताटात थोडी उतरली. वाढणाऱ्याला फौजीघराबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "अच्छे लोग हैं," आणि घाईने आत गेला. का बरं घाई, असं मनात आलंच.

फौजीघर

सकाळी गेले तर फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या विटांना चुना दिलेला. ओला होता, माझ्या साडीच्या काठाला लागला. मनात म्हटलं, झाली सुरुवात.

संस्था चालवणाऱ्या बोरकरताई फाटकातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ. नवरा फौजेत असताना गेला, तेव्हा मिळालेल्या जागेवर त्यांनी हे घर उभं केलं, हे मी येण्याआधी वाचलं होतं. त्या बोलायच्या कमी आणि हसायच्या जास्त. फार हसणाऱ्या मुख्याध्यापकांचा मला पुष्कळ अनुभव आहे. त्यांच्या मागे नागपुरे हवालदार होते. तेही तिथलेच राहणारे, पण सगळ्यांचे म्होरके. ठेंगणे, पोट सुटलेले, अंगात बाहीला रफू केलेला स्वेटर आणि पायांत आरशासारखे चकचकीत बूट.

आमच्या सातारकडे गावोगावी निवृत्त फौजी असतात. पारावर बसून ग्रामपंचायतीला शिव्या देतात, कॅरम खेळतात, मुलांना पळायला लावतात. एक जण दुसऱ्यासारखा नसतो. इथे मात्र सगळे आपापल्या दाराशी उभे होते, दाढ्या गुळगुळीत, नजर समोर. मी एकेकाला विचारत गेले. जेवण कसं असतं? "सब बढिया है, मॅडम." त्रास काही? "कोई तकलीफ नहीं, मॅडम." पुढच्या खोलीत तेच. त्याच्या पुढच्या खोलीत तेच, त्याच चालीत. वाडीवरून आणलेली पोरं मला आठवायला लागली.

मग मी खोल्या बघितल्या. पलंगावर करडी घोंगडी इतकी ताणून बसवलेली की वर नाणं उडवलं असतं तर उसळलं असतं. कोपरे सुरीने कापल्यासारखे. उशीवर ना खळगा, ना तेलाचा डाग. म्हाताऱ्या माणसाच्या उशीवर तेलाचा डाग नाही, हे मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. मी वाकून उशी हुंगली. कोऱ्या कापडाचा वास. बोरकरताईंचं हसू तेवढ्यापुरतं थांबलं. या पलंगावर काल रात्री कोणीही झोपलेलं नव्हतं, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका उरली नाही.

दारांचंही तसंच. बिजागऱ्यांना नुकतंच तेल घातलेलं, ते चौकटीवरून ओघळलेलं. न्हाणीघराची कडी तर माझ्याच हातात अडकली आणि मी आतच कोंडले गेले. बाहेरून हवालदारांनी खांदा देऊन दार उघडलं. रोज वापरातल्या कडीचं असं होतं का? शेवटच्या खोलीला तर दारच नव्हतं. आत पलंग नाही, सामान नाही, नुसता फिनेलचा उग्र वास. विचारलं तर बोरकरताई म्हणाल्या, कोठीची खोली आहे, दुरुस्ती काढली आहे. कोठीच्या खोलीला खिडकीशी कमरेच्या उंचीचा आधाराचा दांडा कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. काही प्रश्न उत्तरं मिळेपर्यंत पोटात ठेवायचे असतात.

"इथे कोणी ओरडतं, असं ऐकलं," मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

बोरकरताईंनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार म्हणाले, "कुत्रे हायेत, मॅडम. लय कुत्रे हायेत इकडं."

दुपारी त्यांच्या पंगतीला जेवले. कोणी एक शब्द बोललं नाही. स्वयंपाकघरात एक मोठा डबा भरला जात होता तो मला जाळीतून दिसत होता. वरण, भात, अंबाडीची भाजी, सगळं मऊ करून. संध्याकाळच्या गाडीने जाते असं सांगून मी निरोप घेतला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. कप अर्धा होतोय तोवर नागपुरे हवालदार मोटरसायकलवरून निघाले. डबा मागे करकचून बांधलेला.

चहावाला म्हणाला, हवालदारसाब कालपासून हट्ट्याला, जवळच्या गावी, डबे नेत आहेत. का, ते त्याला माहीत नव्हतं.

मला मात्र सगळं लख्ख दिसलं. माणसं भाड्याने आणलेली, पलंग दिखाऊ, आणि ट्रस्टच्या अन्नाचा डबा हट्ट्याला कोणाच्या तरी घरी जातोय. मी रिक्षा केली.

हट्टा

रिक्षावाल्याला वाटलं मी तिथली बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, बघायला निघाले. वाटभर त्याने मला बावडीच्या गोष्टी सांगितल्या. जुन्या राजांनी बांधली, तिच्या पोटात मजले आहेत, राजाचे शिपाई तिथे विसाव्याला उतरत. मी हूं हूं करत रस्त्यावर मोटरसायकल शोधत होते. ती सापडली ती नेमकी बावडीच्याच बाहेर, चिंचेच्या सावलीत.

वरून ही बावडी म्हणजे जमिनीतलं एक दगडी तोंड दिसतं. पायऱ्या उतरायला लागलं की खाली दालनं उलगडतात, जाड खांब, कमानी, आणि तळाशी हिरवं थंड पाणी. वरच्या उन्हातून आत गेल्यावर अंगावर शहारा आला. वटवाघळांचा वास होता. एवढं सुंदर काम, पण खरं सांगायचं तर मी ते नीट पाहिलंच नाही, कारण पहिल्याच दालनात सतरंजी टाकलेली होती आणि तिच्यावर डबा उघडलेला होता.

दोन अगदी थकलेले म्हातारे कांबळं पांघरून खांबाशी झोपले होते. तिसरा माणूस आडदांड, चाळिशीचा असेल नसेल, भिंतीला टेकून बसला होता. कपाळाच्या एका बाजूला वाटीएवढा खळगा. नागपुरे हवालदार त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याला हाताने भरवत होते.

त्यांनी मला पाहिलं. दचकले, पण उठले नाहीत.

"थांबा, मॅडम," ते म्हणाले. "याचं जेवन होऊ द्या. मधात थांबलो तं हा मग दिवसभर खात नाही."

मी रागाने तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि पायरीवर बसले. घास बराच वेळ चालले. त्या माणसाच्या हनुवटीवरून भात सांडत होता, हवालदार तो पुन्हा पुन्हा पुसत होते. डबा संपल्यावर त्यांनी हात धुतले, ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि मी न विचारताच सांगायला लागले.

त्या माणसाचं नाव उईके, बिरशाकडच्या जंगलातल्या गावचा. ड्यूटीवर स्फोटात डोक्याला लागलं. त्यानंतर बोलणं जवळजवळ गेलं, लघवीचं भान गेलं. तो रानात निघून जायचा म्हणून भावाने त्याला खोलीत कोंडून ठेवायला सुरुवात केली. भावाचीही लहान पोरं, शेती, तो तरी काय करणार, असं हवालदार स्वतःच म्हणाले. मग एका सकाळी भावाने त्याला फौजीघराच्या फाटकाशी आणून बसवलं आणि तो परत गेला. आता उईके ओरडतो तो दार बंद दिसलं की. कुठलंही दार. ते उघडेपर्यंत त्यावर डोकं आपटतो.

मागे एक देणगीदार साहेब बघायला आले होते. त्यांच्यासमोरच उईके ओरडला, त्याचे कपडे ओले झाले. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, तुम्ही घर चालवता की पागलखाना? त्यांची मदत तिथेच थांबली. म्हणून या वेळी माझ्या येण्याची तारीख कळल्यावर सगळ्या राहणाऱ्यांनी बसून ठरवलं. उईके आणि ते दोन म्हातारे, ज्यांना आता काही आठवत नाही, यांना हट्ट्याला हवालदारांच्या बहिणीकडे ठेवायचं. तिच्या घराला दारं, म्हणून दिवसा तिच्या नजरेखाली इथे बावडीत, आत्ता ती जेवायला घरी गेली होती. इथे दार नाही, आणि पाण्यापाशी तो शांत असतो.

"मग बाकीचे तरी खरे राहणारे आहेत का?" मी विचारलं. "त्या पलंगांवर कोणी झोपत नाही. मी उशी हुंगलीय."

हवालदार पहिल्यांदा हसले. "कसं झोपतीन, मॅडम? काल आमी सारे खाली फरशीवर झोपलो. तपासनीचा पलंग एकदा बनवला का त्याच्यावर झोपत नसते. रंगरूट होतो तवापासून हेच करून राह्यलो. उशा तं नव्या आनल्या तुमच्यासाठी."

नोव्हेंबरच्या थंडीत, सत्तरी ओलांडलेली माणसं, माझ्यासाठी फरशीवर. आणि त्यावरून मी त्यांना भाड्याची ठरवलं होतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी भयंकर राग आला. मी म्हटलं, पण लपवलं कशाला? मला सरळ दाखवायचं, मी काही त्या साहेबासारखी नाही.

"तपासनीच्या टायमाले बिमार माणूस लाइनीत उभा नाही करत," हवालदार म्हणाले. "पूरी पलटन त्याच्यापायी नापास होते. मंग पलटन त्याच्यावर राग काढते. आमाले याच्यावर राग काढाचा नव्हता." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या ट्रस्टची अट हाय ना, मॅडम? बोरकरताईनं वाचून दाखवली आमाले."

अट होतीच. 

तिघांना परत न्यायला संध्याकाळी येणारी जीप हवालदारांनी तेव्हाच बोलावली. आता लपवायचं काय राहिलं होतं? मोटरसायकल बहिणीकडे ठेवली. दोन्ही म्हातारे पुढे ड्रायव्हरशेजारी, मागच्या बाकावर एका बाजूला मी, मध्ये उईके, पलीकडे हवालदार. अर्ध्या रस्त्यात माझ्या मांडीला गरम ओल लागली. उईकेचा जीपभर वास पसरला. मला किळस आली, खोटं कशाला सांगू. मी ओली साडी अंगापासून दूर धरून बसले. पण त्या वेळी मी हवालदारांचा चेहरा पाहिला. स्वतःच्या मुलाने पाहुण्यांसमोर घाण केल्यावर बापाचा होतो तसा झाला होता. तो पाहिल्यावर मी साडी सोडून दिली.

दारं काढली

मी जीपमधून उतरताना बोरकरताईंनी पाहिलं आणि त्या व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्या हसत नव्हत्या. आधी त्यांनी मला आपली साडी दिली नेसायला. मग म्हणाल्या, "मी नको म्हणत होते यांना. पण मग वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तुम्ही अट लिहून पाठवलीत, मी ती मोडली. जे लिहायचं ते लिहा. फक्त लिहिण्याआधी आज इथे राहा."

मी राहिले. त्या संध्याकाळी फौजीघर पुन्हा घर झालं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सगळ्यांत आधी म्हाताऱ्यांनी मिळून दारं काढली. बिजागऱ्यांवरून उचलायची, दोघादोघांनी धरायची आणि मागच्या खऱ्या कोठीत नेऊन एकावर एक ठेवायची. उईके अंगणात उभा राहून बघत होता. तो येण्याआधी त्या घराला सगळीकडे दारं होती. तो आल्यावर सहा महिने भांडणं झाली, एकाने तर सामान बांधलं होतं. मग एक दिवस कोणीतरी आपलं दार काढलं, मग दुसऱ्याने. आता सगळ्या खोल्यांना नुसते पडदे. न्हाणीघरालासुद्धा. आत असलेल्याने गाणं म्हणत राहायचं असा नियम आहे. एका सुभेदारांना एकच आरती येते, त्यामुळे ते आंघोळ भराभर आटपतात.

करडी घोंगडी ट्रंकेत गेली, कोऱ्या उशा गेल्या, आणि जुन्या गोधड्या बाहेर आल्या. तेलकट, बिडीच्या वासाच्या, ठिगळं लावलेल्या. फिनेलखालून घराचा खरा वास वर आला आणि तो काही चांगला नव्हता. आणि मग सुरू झाल्या तक्रारी. पोळ्या जाड असतात. गिझर दोन महिने बंद आहे. बोरकरताई दुसरा चहा देत नाहीत. सुभेदार टीव्हीचा रिमोट खिशात घालून झोपतात. परसवाडा गावच्या एका आजोबांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की हवालदार स्वतःला फार मोठे समजतात. मी मनापासून खूश झाले. माणूस जिथे राहतो तिथल्याच चहाबद्दल कुरकुरतो. सकाळी हीच माणसं मला खोटी वाटली होती.

उईकेपाशी कोणीतरी कायम असतं. त्याला ते ड्यूटी म्हणतात. कोणी त्याला शौचाला नेतं, कोणी कपडे बदलतं. दार नसलेली ती शेवटची खोली त्याचीच होती, तिथला दांडा धरून तो खिडकीत उभा राहतो, तेव्हा शेजारी कोणीतरी खुर्ची टाकून पेपर वाचत असतं. माझी तपासायची सवय काही सुटली नाही. मी त्याचे दंड पाहिले, पाठ पाहिली. कुठे मारल्याची, बांधल्याची खूण नव्हती. नखं कापलेली होती.

निघताना हवालदारांनी विचारलं, काय लिहिणार? मी म्हटलं, पाहिलं ते सगळं. आणि अट बदला असंही लिहिणार.

"बदलतीन का?"

"बदलतील," मी म्हटलं. माझ्या शब्दाला ट्रस्टमध्ये वजन होतं आणि मला त्याची खात्री होती.

पुन्हा

अट बदलली नाही. माझा अहवाल बैठकीत वाचला गेला, त्याचं कौतुकही झालं. अध्यक्ष म्हणाले, किती बारकाईने पाहिलंय बाईंनी. आणि ठरलं असं की मदत चालू ठेवावी, परंतु परिचर्येची गरज असलेल्या तिघांना योग्य ठिकाणी हलवावं, आणि हलवलं की नाही हे बाईंनी स्वतः जाऊन पाहावं. माझ्याच अहवालावरून त्यांना उईके कळला होता. मी बारकाईने पाहिलं नसतं तर तो त्यांच्या दृष्टीने नव्हताच. बैठकीतून घरी येईपर्यंत मी स्वतःवर चरफडत होते.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा उन्हाळा लागला होता. गाडीतून मोहाच्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बाया दिसत होत्या, आणि सगळीकडे तो गोडसर, जरा आंबूस वास. माझं मात्र कशात लक्ष नव्हतं. योग्य ठिकाण म्हणजे काय, हे मी पुण्यात चार जागी फोन करून विचारलं होतं. सगळीकडे उत्तर सारखं होतं. वॉर्ड असतो, रात्री बाहेरून कडी लावावी लागते, स्टाफ कमी असतो, बाई.

फौजीघरात या वेळी विटांना चुना नव्हता. दारं मात्र सगळी चौकटीत बसवलेली होती. म्हातारे आपापल्या जागी उभे. दोन थकलेल्यांपैकी एक त्या थंडीतच वारले होते, दुसऱ्यांना त्यांची मुलगी घेऊन गेली होती. तिचा फोन मला लावून दिला, तिच्याशी मी बोलले. ते खरं होतं.

"आणि उईके?" मी विचारलं.

"ते बिरशाला गेले, भावाकडे," बोरकरताई म्हणाल्या. त्यांनी ते टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत सांगितलं आणि पुन्हा हसल्या.

मी म्हटलं, मग मला बिरशाला जाऊन त्यांना बघून यावं लागेल. ट्रस्टने तसं सांगितलंय. बोरकरताईंचं हसू गेलं. त्यांनी पेला उचलला, पाणी न पिताच खाली ठेवला.  अंगणात वाळत टाकलेल्या कपड्यांच्या दोरीवर तीन भल्यामोठ्या मापाचे पायजमे होते. दाराशी उभ्या असलेल्या कोणाच्याही पायांत ते लोळले असते, उईकेच्याच मापाचे होते ते.

हवालदार मला फाटकापर्यंत सोडायला आले. रिक्षा उभी होती. बिरसा लांब आहे, लवकर निघालं पाहिजे असं रिक्षावाला म्हणत होता. हवालदारांनी त्याला जरा पुढे जाऊन थांबायला सांगितलं.

"मॅडम, मांगच्या वेळी मी तुमाले खोटं बोललो. कुत्रे हायेत म्हनलो," ते म्हणाले. "आता नाही बोलत. तुमी उईकेचं विचारा, मी खरं सांगतो. तुमाले बिरशाले जाची गरज नाही. विचारून राह्यल्या का?"

ते तपासणीला उभं राहावं तसे ताठ उभे होते. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग मला लिहावं लागलं असतं. आयुष्यभर मी लोकांना विचारत आले आहे, अगदी जे सांगू नये असं वाटतं तेही.

"नाही," मी म्हटलं. "विचारत नाही."

हवालदारांनी मान हलवली.  मी रिक्षात बसले आणि स्टेशनवर चल म्हणून सांगितलं. रिक्षावाल्याने बिरशाचं भाडं गेलं म्हणून वाटभर तोंड पाडलं होतं.

गाडीतच अहवाल लिहिला. उईके निवासात दिसले नाहीत, एवढं एकच वाक्य त्यांच्याबद्दल होतं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. माझ्या अहवालावर इतक्या वर्षांत कधी कोणी शंका घेतली नव्हती. याही वेळी घेतली नाही.